ताट वेगळं, खिडकी बंद

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातून एका आशाताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून ते थोडक्यात देते.

ताई ३८ वर्षांच्या आहेत आणि १२ वर्षं आपल्याच गावात आशा म्हणून काम करतात. त्यांचा धाकटा दीर परराज्यात गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) दुकानात कामाला होता. दीड वर्षापूर्वी तो खोकला आणि संध्याकाळचा ताप घेऊन गावी आला, छातीचा टीबी निघाला. सहा महिने एकही दिवस न चुकवता त्याने गोळ्या घेतल्या. शेवटच्या तपासणीत थुंकीत जंतू नव्हते. मात्र टीबी निघाल्याचा पहिला रिपोर्ट आला त्याच दिवशी सासूबाईंनी त्याचं ताट-तांब्या वेगळा काढला, मिसळू नये म्हणून ताटाच्या मागे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि त्याला झोपायला गोठ्याशेजारची खोली दिली. बरं होऊन वर्ष होत आलं, तो ठिपका अजून आहे.

आता दोन गोष्टी एकदम समोर आल्यात. २४ मार्चच्या जागतिक क्षयरोग दिनाला ग्रामसभेत दिराने आपला अनुभव सांगावा असं आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणतात. दीर होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. त्यातच त्याला सातारा जिल्ह्यातलं एक स्थळ सांगून आलंय आणि सासूबाईंनी घरात बजावलंय, "लगीन हुईस्तवर कुणी त्वांड उघडायचं न्हाय." ताई लिहितात: "माणसं अडाणी आहेत हो. १२ वर्षं सांगतेय, कुणी ऐकत नाही. हल्ली कुणाच्या दारात थुंकीची डबी घेऊन गेलं की बायका म्हणतात, आधी तुमच्या घरचं बघा. मी दिराला बोलायला तयार करू का? स्थळाला सांगावं का? आणि या लोकांना समजवायचं तरी कसं?"

ताई, नमस्कार.

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण मी आधी एका ओळीबद्दल बोलते. ताटाची हकीकत सांगता सांगता तुम्ही सहज लिहून गेलात: "गोठ्याजवळच्या खोलीला एकच खिडकी. ती पण आत्या (सासूबाई) उघडू देत नव्हत्या. गार वारं लागंल, खोकला वाढंल म्हणायच्या." मी तिथे बराच वेळ थांबले. घरात सगळ्यात जास्त जपलं गेलं ते ताट, आणि लावून घेतली गेली ती खिडकी. करायला हवं होतं नेमकं उलट.

तुम्हाला हे पाठ आहे, पण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल म्हणून लिहिते. टीबीचा जंतू ताटातून, तांब्यातून, कपड्यांतून, अंथरुणातून किंवा हात हातात घेतल्याने जात नाही. छातीचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा अगदी बारीक तुषार उडतात. बंद खोलीच्या हवेत ते तासन्‌तास तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासाबरोबर आत जातात. दार-खिडकी उघडी असली की वाऱ्याबरोबर ते विरळ होऊन निघून जातात, ऊन आलं तर जंतू मरतात. गार वाऱ्याने टीबी वाढत नाही. आणि हाडांचा, मानेच्या गाठींचा, पोटाचा टीबी सहसा दुसऱ्याला लागतच नाही. तरी गाठीच्या टीबीच्या मुलीलाही घरात वेगळा पेला दिलेला मी पाहिलाय.

आता वेळ बघा. दुकानाच्या माडीवर एका खोलीत पाच जण झोपायचे असं तुम्हीच लिहिलंय. गावी आल्यावर तपासणी होईपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत भाऊजी सगळ्यांबरोबर जेवत होते, माजघरात झोपत होते, तुमची धाकटी रात्री त्यांच्या मांडीवर बसून मोबाईल बघत होती. ताट वेगळं झालं ते रिपोर्ट आल्यावर, म्हणजे गोळ्या सुरू झाल्यावर. योग्य गोळ्या रोज पोटात जाऊ लागल्या की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण करण्याची ताकद फार कमी होते. म्हणजे धोका होता तेव्हा ते माजघरात होते आणि धोका ओसरत होता तेव्हा गोठ्याशेजारी गेले. पहिले दोन आठवडे हवेशीर खोलीत वेगळं झोपणं आणि तोंडावर रुमाल किंवा मास्क एवढं पुरलं असतं. बाकीचे सोळा-सतरा महिने ते कशासाठी त्या खोलीत आहेत, याचं वैद्यकीय उत्तर कुणाकडेही नाही.

तरीही तुमच्या आत्यांना मी अडाणी म्हणणार नाही. माझी एक गोष्ट सांगते. आईची एक मावशी होती. तिच्याविषयी घरात एवढंच बोललं जायचं, "ती मिरजेला असते." मला कितीतरी वर्षं वाटायचं की तिचं सासर मिरजेला आहे. मोठी झाल्यावर कळलं, ती मिरजेजवळ वानलेसवाडीच्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये होती. नंतर ती कधी घरी आली की कोनाड्यातली एक पांढरी कपबशी खाली निघायची. ती गेली की कपबशी राख लावून घासून पुन्हा कोनाड्यात पालथी. आजी हे करायची, आणि ते तिने मनाने काढलेलं नव्हतं. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं.

आपल्या भागाला टीबीची ओळख अशीच झाली. पाचगणीची हवा, वानलेसवाडीची सॅनेटोरियमं. औषधच नव्हतं तेव्हा चांगली हवा, विश्रांती, सकस खाणं आणि माणसाला घरापासून लांब ठेवणं एवढंच हातात होतं. टीबीवर चालणारं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. पुढे १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना त्यांच्या स्वतःच्या घरी, शहरातल्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये, तीच औषधं दिली. सॅनेटोरियममधल्यांना खाणं चांगलं होतं, विश्रांती होती. घरी राहिलेल्या रुग्णांना त्यातलं फार काही नव्हतं. १९५९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. घरी औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्या माणसांमध्ये टीबीचं प्रमाण जास्त दिसलं नाही. घरी राहून उपचार घेण्याची आजची पद्धत त्या प्रयोगावर उभी आहे.

पण ताई, ही बातमी माझ्या आजीला कुणी सांगितली? भांडी वेगळी ठेवा, हे सांगायला डॉक्टर होते. आता नका ठेवू, हे सांगायला कुणी आलं नाही. तुमच्या आत्यांकडे जे आहे ते अज्ञान नव्हे, ती जुनी माहिती आहे आणि ती परत घ्यायला आजवर कुणी दारात आलं नाही. आपण आरोग्यशिक्षणवाले दर वर्षी नवा फलक लावतो, नवी घोषणा रंगवतो. आधी जे सांगून ठेवलंय ते मागे घेत नाही. मग माणसं दोन्ही गोष्टी एकदम पाळतात: गोळ्याही देतात आणि ताटही वेगळं काढतात. मी स्वतः कितीतरी वर्षं सभांमधून लक्षणं सांगत हिंडले आणि पुढ्यातल्या बायकांना एकदाही विचारलं नाही की, तुमच्या घरी पूर्वी कुणाला झाला होता का, तेव्हा काय करायचे? ज्या दिवशी विचारलं त्या दिवशी दीड तास त्याच बोलत होत्या.

म्हणून आत्यांशी बोलताना "हे चुकीचं आहे" इथून सुरू करू नका. त्यांच्या लहानपणी गावात कुणाला झाला होता ते विचारा. कोण गेलं, कसं गेलं ते सांगू द्या. माझी खात्री आहे की त्यांच्या डोळ्यासमोर एखादा चेहरा असणार. मग सांगा, "आत्या, तेव्हा तसंच सांगायचे, तुमचं काही चुकलं नाही. आता औषध आलंय, म्हणून नियम बदललाय." जमलं तर हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकवा. सुनेच्या तोंडून बदललेला नियम आणि डॉक्टरांच्या तोंडून बदललेला नियम यात फरक पडतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आता एक गोष्ट विचारते, राग मानू नका. तुमच्या चार पानी पत्रात ताटाबद्दल खूप आहे, घरातल्या बाकीच्यांच्या तपासणीबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी छातीचा टीबी निघाला असता तर त्या घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, खोकला, ताप, वजन तुम्ही पहिल्याच भेटीत वहीत उतरवलं असतं. स्वतःच्या घराचं पान राहून गेलं का? असं होतं. आशाच्या घरी काय बघायचं, म्हणून वरचेही विचारत नाहीत.

तुमची धाकटी आता सहा वर्षांची आहे, म्हणजे भाऊजी आले तेव्हा साडेचार. पाचच्या आतलं मूल घरात असलं की सगळ्यात आधी त्याच्याकडे बघायचं असतं. बीसीजी दिलीय म्हणून निश्चिंत राहू नका. ती लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून बऱ्यापैकी वाचवते, पण सगळ्याच टीबीपासून नाही. घाबरूनही जाऊ नका. जंतू शरीरात शिरला म्हणजे आजार झाला असं नसतं. एरवी धडधाकट असलेल्या १०० जणांना लागण झाली तर जन्मभरात साधारण ५ ते १० जणांना प्रत्यक्ष आजार होतो, बाकीच्यांच्या शरीरात तो झोपून राहतो. मात्र आजार व्हायचा तर त्याची शक्यता लागणीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असते. दीड वर्ष झालंय, म्हणजे आपण अजून त्या काळातच आहोत.

तेव्हा येत्या आठवड्यात दोन्ही मुलं, आत्या, मालक आणि तुम्ही स्वतः, पाचही जण तपासून घ्या. मुलांचं वजन वाढतंय का ते बघा. आत्यांना साखर आहे असं तुम्ही लिहिलंय. मधुमेह्यांना टीबीचा धोका दोन-तीन पट असतो, त्यामुळे त्यांना खोकला नसला तरी छातीचा एक्स-रे काढा. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीची पाहणी झाली. त्यात एक्स-रे केला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के निसटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. तपासणीत आजार नाही असं नक्की झालं की डॉक्टर प्रतिबंधक औषध द्यायचं का ते ठरवतील. त्यात एक पर्याय सहा महिने रोज गोळीचा आहे आणि दुसरा आठवड्यातून एकदा, असा १२ आठवड्यांचा. कुणाला कुठला द्यायचा ते वय, वजन आणि चालू औषधं बघून त्यांनाच ठरवू द्या. भाऊजींनाही विसरू नका. उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. त्यांचे १२ महिने आत्ता भरतील.

"आधी तुमच्या घरचं बघा" असं बायका म्हणतात, ते टोचतं हे मला समजतं. पण त्या बोलण्यात एक खरा प्रश्न आहे. तुमच्या घरी ताट वेगळं आहे हे गावाला दिसतं. गाव म्हणतं, आशाताईच्याच घरी वेगळं काढलंय, म्हणजे वेगळं काढायचंच असतं. तुम्ही १२ वर्षं तोंडाने जे शिकवलंत त्याच्याशेजारी तो लाल ठिपका उभा आहे.

गावातली माणसं अडाणी आहेत, या तुमच्या वाक्याकडे आता येते. बरीच वर्षं झाली, खटाव तालुक्यातल्या एका बाईने मला थुंकीची डबी रिकामीच परत दिली. तीन आठवडे खोकत होती, अंगावरचं लुगडं सैल झालं होतं. मी तिला पुन्हा सगळं समजावून सांगायला लागले तशी म्हणाली, "बाई, मला समदं म्हाईत हाय. दोन आठवडं खोकला आला की थुंकी तपासायची. शाळंच्या भितीवर लिवलंय की. पर डबी घिऊन दवाखान्यात जायाचं म्हंजी वाटंत सात घरं लागत्यात." तिला लेकीचं लग्न करायचं होतं. त्या सात घरांचा हिशोब तिने पक्का केला होता आणि तो चुकीचा नव्हता. आमच्या एकाही फलकावर त्या सात घरांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी डबी मी माझ्या पिशवीतून नेली, भाजीच्या खाली ठेवून.

तुमच्या गावातही असंच काही असणार. एखाद्याला थुंकी द्यायला जायचं तर द्राक्षाच्या बागेतला दिवसाचा पगार बुडतो. एखादा खासगी डॉक्टरकडून खोकल्याचं तिसरं औषध घेत असतो. एखाद्या सुनेला भीती असते की टीबी निघाला तर नवरा माहेरी धाडेल. ही भीती पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त आहे, आणि आपण भाषणात ती पार विसरतो. मग माणूस ऐकत नाही म्हणून आपण तेच आणखी मोठ्याने सांगतो.

मी तुमच्या जागी असते तर टीबीसाठी म्हणून कुणाच्या दारात गेलेच नसते. बीपी आणि साखर तपासायला गावात कुणी घाबरत नाही, उलट बोलावून घेतात. त्यातच हळूच विचारायचं: खोकला किती दिवस? संध्याकाळी अंग गरम लागतं का? रात्री घाम येतो का? पोलकं सैल झालंय का? वजन किती कमी झालं यापेक्षा हा शेवटचा प्रश्न आपल्या बायकांना चटकन कळतो. डबी द्यायचीच झाली तर कागदात गुंडाळून, घरात आत जाऊन द्या, आणि ती कशी भरायची ते करून दाखवा. बरेच नमुने नुसत्या लाळेचे येतात, कारण कुणी नीट सांगत नाही. उठल्यावर चूळ भरायची, अंगणात किंवा परसात मोकळ्या हवेत जायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीच्या तळातून खोकून बेडका काढायचा, मग झाकण घट्ट. पोचवायची सोय तुम्ही करा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर चाचणी लावली की काही तासांत जंतू आहे का आणि मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही कळतं.

गोळ्या सुरू झाल्या की दोन वेळा माणूस निसटतो. एकदा पहिल्याच आठवड्यात, लघवी नारिंगी-लाल झालेली बघून. तो औषधाचा रंग असतो, हे आधीच सांगून ठेवलं तर निम्मी घाबरगुंडी वाचते. दुसऱ्यांदा दोन महिन्यांनी, खोकला थांबून भूक लागायला लागते तेव्हा. बरं वाटतंय म्हणून तिथे सोडलं की औषधाला न जुमानणारा टीबी होऊ शकतो, मग उपचार फार जड जातो. मळमळ फार झाली, डोळे पिवळे दिसले, नजर अंधुक झाली तर मात्र मनाने थांबू नका आणि मनाने चालूही ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या तालुक्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. गलाईवाले यात्रेला येतात आणि आठवड्याने परत जातात. ऊसतोडवाले पट्टा पडला (गाळपाचा हंगाम संपला) की निघतात. उपचार तिथेच तुटतात. प्रत्येक रुग्णाचा सरकारी टीबी नोंदणीतला निक्षय क्रमांक असतो आणि तो दाखवला की देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात पुढच्या गोळ्या मिळतात. क्रमांक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायला लावा. अडलं तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा मोफत फोन आहे. उपचाराच्या काळात पोषणासाठी खात्यावर येणारी रक्कम २०१८ पासून महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली. भाऊजींचे सगळे हप्ते जमा झाले का तेही तपासा.

पोषणावरून आत्यांना सांगण्यासारखी एक खरी गोष्ट आहे. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ वगैरे जास्तीचं रेशन देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या घरांना रेशन मिळालं तिथे घरच्यांमध्ये नव्याने होणारा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, त्यातला लागण पसरवणारा प्रकार ४८ टक्क्यांनी. त्यांना घरच्यांना वाचवायचंच आहे ना, मग ठिपका देण्यापेक्षा भाकरीबरोबर मूठभर शेंगदाणे, हुलग्याचं माडगं, जमेल तेव्हा अंडं, हे सगळ्यांच्या ताटात पडू दे. आत्यांच्या हाताला हे काम द्या. भीती नुसती काढून घेतली तर मागे पोकळी राहते, आणि आईच्या हाताला मुलासाठी काहीतरी करायचं असतंच.

ग्रामसभेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही दिराला तयार करू नका. त्याचा आजार ही त्याची गोष्ट आहे, ती गावाला सांगायची का, कधी, कुणापुढे, हे तोच ठरवेल. तुम्ही त्याची वहिनी आहात आणि गावची आशाही आहात, त्यामुळे तुम्ही विचारलंत की त्याला नाही म्हणणं दुप्पट अवघड जातं. डॉक्टरांना तुम्हीच सांगा की तो तयार नाही. ते समजून घेतील. आणि जरा विचार करा, ज्या माणसाला वर्षभर स्वतःच्या घरात सगळ्यांच्या ताटात जेवता आलेलं नाही, त्याने ग्रामसभेत उभं राहून "टीबीला घाबरू नका" असं सांगायचं?

बरे झालेले रुग्ण बोलतात तेव्हा माणसं ऐकतात, हे खरं आहे. ते काम मनापासून करणारे टीबी चॅम्पियन मी पाहिलेत. पण त्यासाठी मंच लागत नाही. गावात किंवा शेजारच्या वाडीत नव्याने गोळ्या सुरू झालेला कुणी असेल आणि दोघांची तयारी असेल, तर भाऊजींना त्याच्याशी एकदा बोलू द्या. तिसऱ्या आठवड्यात मळमळ झाली तेव्हा मी काय केलं, हे तो जसं सांगेल तसं आपल्याला सांगता येणार नाही. २४ मार्चला ग्रामसभेत तुम्ही बोला. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं म्हणून हा दिवस पाळतात, हे सांगून झालं की लोकांना विचारा: आपल्या घरी पूर्वी काय करायचे? आणि एक खिडकी, एक ताट, एवढ्या दोनच गोष्टींवर बोला. सगळं सांगायला जाऊ नका.

आता स्थळ. इथे मी आत्यांच्या विरुद्ध बाजूला आहे. सांगावं. सुपारी फुटायच्या आधी सांगावं, आणि ते भाऊजींनी स्वतः त्या मुलीला सांगावं. बैठकीत, दहा पाहुण्यांपुढे, वडीलधाऱ्यांनी नव्हे.

बरा झालेला टीबी लग्नाच्या आड येत नाही. तो अनुवंशिक नाही, आता तिला त्यांच्यापासून लागण होण्याचं कारण नाही, मुलंबाळं व्हायला त्यांच्या बाबतीत काही अडचण नाही. मग सांगायचं कशाला, असं आत्या विचारतील. एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. टीबी पुन्हा उलटू शकतो, फार जणांचा नाही, पण काहींचा उलटतो, आणि तो लवकर ओळखायचा तर शेजारी राहणाऱ्या माणसाला माहीत हवं. लपवलं तर तो सहा-सहा महिन्यांनी तपासणीला जाणार कसा? खोकला आला तर आधी बायकोपासून लपवेल, मग डॉक्टरपासून. दुसरं कारण, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नानंतर महिन्याभरात पाणवठ्यावर तिला कुणीतरी सांगेलच, आणि तेव्हा तिला आजाराचं कमी आणि फसवल्याचं जास्त लागेल. तिसरं, ती मुलगी या घरात येऊन ते ताट घासणार आहे. मागचा ठिपका तिला पहिल्याच दिवशी दिसेल.

भाऊजींनी काय सांगावं याची भीती वाटत असेल तर तीन-चार वाक्यं पुरेत. "मला दीड वर्षापूर्वी छातीचा टीबी झाला होता. सहा महिने पूर्ण उपचार घेतला, आता बरा आहे, हे कागद. तुला काही विचारायचं असेल तर आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ." उपचार पूर्ण झाल्याचा दाखला आणि शेवटचा रिपोर्ट बरोबर असू दे. नकार येईलही. आला तर तो वाईटच वाटेल, त्याला काही इलाज नाही. आणि उद्या उलट झालं, समोरच्या मुलीने सांगितलं की मला होऊन गेलाय, तर तुमच्या घरातून काय उत्तर जाईल, हे आत्यांना आत्ताच विचारून ठेवा.

ठिपका तुम्ही पुसू नका. नेलपॉलिश रिमूव्हरची छोटी बाटली आणा आणि डॉक्टरांशी बोलणं झालं की आत्यांच्या हातात द्या. त्या लगेच पुसतील असं नाही. चार दिवस बाटली फडताळात राहील, राहू दे. त्या चार दिवसांत गोठ्याशेजारच्या खोलीतलं अंथरूण मात्र माजघरात आणा.

आणि धाकटीच्या तपासणीचं काय झालं ते मला दोन ओळीत कळवा.